हक्कसोड

पंधरा ओळींपर्यंत कागद लागत नाही.
माझ्या सतरा निघाल्या.

त्यातली एक नुसता बंद होणारा कंस,
एक तर कोरीच, वाचणाऱ्याने दम खावा म्हणून सोडलेली.
पण मोजणाऱ्याने मोजल्या,
आणि दांडिया बाजारात लिफाफा आला:
सदर लिखाणावरील सर्व हक्क, मालकी, हितसंबंध
संस्थेच्या नावे.
म्हणणं रास्तच आहे त्यांचं.
उद्या कोणी पळवलं तर कोर्टात एकच धनी उभा हवा,
चारशे जणांचे वारस कोण शोधत फिरणार?

काम एवढंसंच.
ऱ. पापणीसारखा,
पुढच्या अक्षराला टेकून पडलेला अर्धा र.
यंत्राला तो उमगेना.
उचलून डोक्यावर ठेवी, रफार करी,
लग्नातल्या आचाऱ्याला आचार्य करून टाकी.
आणि मी, माहेरची बऱ्हाणपूरकर,
गॅसच्या पावतीवर बर्हाणपूरकर,
स्वतःच्याच नावाला अडखळणारी.

तीन महिने, रात्री अकरानंतर,
पोर झोपली की ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी.

गोरव्याच्या ऑफिसात जिग्नेशभाईंनी चहा मागवला.
"रात्रे लख्युं, बेन, कबूल.
पण लॅपटॉप कोनुं?"
मी म्हटलं, हप्ते माझे.
मग लेटरहेडवर चार ओळी:
कंपनीचा काही दावा नाही.
सहीआधी त्यांनी पेन दोनदा झटकलं.

आता कोठी कचेरीबाहेर, लिंबाखाली, नोटरीचं टेबल.
पासपोर्टवर मी हेमांगी निखिल वैद्य,
कोडवर हेमांगी बऱ्हाणपूरकर,
कॉलेजात उघडलेलं खातं, तेच चालू राहिलं.
म्हणून प्रतिज्ञापत्र:
की मी आणि मी एकच बाई आहोत.
पंचोलीकाकांनी वर पाहिलं नाही.
"रोज येतात," म्हणाले, "तुमच्यासारख्या."

याच बाकावर आठ वर्षांपूर्वी
शिरीषदादा शेजारी बसला होता.
कारेलीबागेतल्या दोन खोल्या, गच्ची,
पाण्याच्या मीटरवर अजून बाबांचं नाव.
राजीखुशीने, विनामोबदला, कोणाच्याही दडपणाविना.
आई पंख्याकडे बघत होती.
सही झाल्यावर दादाने अर्धा किलो लीलो चेवडो घेऊन दिला.
दादा वाईट नाही. मीच म्हणाले होते, नको मला काही.
फक्त त्यानंतर बेल वाजवावी लागते.

या कागदात मात्र शेवटून दुसरं कलम आहे:
दिलेलं तुम्हाला परत वापरायला, बदलायला,
वाटेल त्याला वाटायला मोकळीक,
कायमची, मागे न घेता येणारी.
मी ते तीनदा वाचलं.
टायपिस्टला विचारावंसं वाटलं,
तेव्हाही असं एखादं घालता आलं असतं का?
गच्चीवर जायला, उन्हात पापड घालायला,
मीटरवरचं नाव वाचायला.
तो गुजरातीत दुसऱ्याच कोणाचं बक्षीसपत्र बडवत होता.
राहिलं.

सही केली. शिक्का वाकडा बसला.

होमात तूप सोडताना गुरुजी आपल्याकडून म्हणवून घेतात, न मम.
हात ज्याचा, त्यानेच म्हणायचं असतं.
त्या दिवशी कारेलीबागेसाठी मी म्हटलं नव्हतं,
नुसतीच गप्प होते.
आज रिक्षात, सूरसागराला वळसा घालताना,
म्हणून पाहिलं. जमलं.

रात्री यंत्राला विचारलं, ही ओळ कोणाची?
त्या आज्ञेचं नावच आहे ब्लेम, म्हणजे दोष.
दोष द्यायचा तर माणूस सापडावा लागतो,
तो त्यांनी जपून ठेवलाय.
धनी दुसरा. नाव माझं.
वरून खालपर्यंत सतरा वेळा
हेमांगी बऱ्हाणपूरकर,
पापणी जागच्या जागी,
त्या कोऱ्या ओळीसमोरसुद्धा.